फोटोओळ पुरी लिहा

दुष्काळाचे छायाचित्र कसे असते, हे मराठवाड्यातल्या शाळकरी पोरालाही सांगता येईल. भेगाळलेली जमीन, कपाळावर आडवा हात धरून आभाळाकडे पाहणारा म्हातारा, टँकरभोवती घागरींचा गराडा. खाली ओळ असते, ‘लातूर जिल्ह्यात पाण्यासाठी वणवण’. गाव कोणते, टँकर कितव्या दिवशी आला, तो कुणाच्या विहिरीवर भरला, त्या विहिरीचे अधिग्रहण कधी झाले, यातले काहीही त्या ओळीत नसते. पुष्कळदा कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘संग्रहित छायाचित्र’ असेही छापलेले असते. म्हणजे यंदाच्या तहानेला मागच्या तहानेचा फोटो. नांदेड-लातूरकडचे जे प्रश्न खरोखर वादाचे आहेत, म्हणजे पाणी, जात, सरकारी दवाखाना, शेतकऱ्याची आत्महत्या, त्यांची छायाचित्रे आपल्याकडे ढिगाने आहेत. त्या छायाचित्रांना कारणाशी, तारखेशी आणि जबाबदार माणसाशी बांधणारा मजकूर मात्र दुर्मीळ आहे. असा मजकूर नसला की छायाचित्राने वाद उभा राहत नाही. हळहळ वाटते आणि पान उलटले जाते.

लातूरचेच उदाहरण घेऊ. मार्च २०१६ मध्ये शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून दहा वाघिणींची पहिली पाण्याची रेल्वे आली आणि तिची छायाचित्रे देशभर छापली गेली. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून त्या गाडीने पाच लाख लिटर पाणी आणले होते. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या पुढे होती. हिशेब केला तर माणशी सव्वा लिटरच्या जरा वर, म्हणजे एका तांब्याएवढे पाणी. हा हिशेब किती फोटोओळींत आला? गाडीवर नेत्यांच्या तसबिरींचे फलक लागले, श्रेयावरून पक्षांत जुंपली आणि छायाचित्रातले पाणी बाजूला राहिले. पुढे पन्नास वाघिणींची गाडी आली, २५ लाख लिटर घेऊन. तरीही माणशी साडेसहा लिटरच. पण लांबलचक गाडीच्या छायाचित्रात लांबीच दिसते, माणशी लिटर दिसत नाहीत. ते कुणीतरी लिहावे लागतात.

पहिली गाडी आली त्याच आठवड्यात, १७ एप्रिलला, तत्कालीन ग्रामविकास व जलसंधारण मंत्री पंकजा मुंडे यांनी मांजरा नदीवरच्या साई बंधाऱ्यातल्या चरासोबतचा सेल्फी ट्विटरवर टाकला. दुष्काळात सेल्फी काय काढता, म्हणून गदारोळ झाला; काम होताना पाहून समाधान वाटले म्हणून फोटो काढला, असा त्यांचा खुलासा आला. मंत्र्यांची चूक दाखवणे सोपे आहे, पण त्यांनी निदान चित्राखाली चार शब्द लिहिले होते आणि त्या शब्दांत चराचा उल्लेख होता. त्या चरातून किती पाणी मिळणार, ते लातूरला किती दिवस पुरणार, हा प्रश्न विचारायची संधी त्या चार शब्दांनी दिली होती. ती कुणी फारशी घेतली नाही. चर्चा चेहऱ्याची झाली.

आणि उसाची झाली नाही, निदान छायाचित्रांतून तरी नाही. लातूरला पाणी देणारे धनेगावचे मांजरा धरण त्या साली कोरडे पडले. त्याच खोऱ्यात ऊस आणि साखर कारखाने दोन्ही वाढलेले आहेत. राज्यातल्या पिकाखालच्या क्षेत्रापैकी चार टक्क्यांच्या आसपास जमिनीवरचा ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी घेतो, हे केंद्रीय कृषी मूल्य आयोगाच्या अहवालांतून वारंवार सांगितले गेले आहे. २०१९ मध्ये विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांनी मराठवाड्यात ऊस आणि साखर कारखान्यांवर बंदी घालावी, अशी शिफारस सरकारला केली. आता रिकाम्या घागरींची रांग हे एक छायाचित्र आणि हिरवागार फड हे दुसरे. दोन्ही खरी आहेत, दोन्ही वेगवेगळ्या दिवशी छापली जातात, आणि म्हणूनच दोन्ही निरुपद्रवी ठरतात. शेजारी शेजारी ठेवून मध्ये आयोगाचा आकडा लिहिला की गावागावात भांडण लागेल. लागू द्यावे. पण मग ऊस उत्पादकाची बाजूही त्याच मजकुरात यावी. कायद्याने ठरलेला किमान भाव असलेले, कारखाना उचलून नेतो असे त्याच्याकडे दुसरे पीक कोणते आहे? सोयाबीनच्या भावाने दरवर्षी त्याला काय दिले? ही बाजू कोणत्याच छायाचित्रात दिसत नाही, ती फक्त लिहिता येते. मजकुराची गरज पीडिताइतकीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेल्यालाही असते.

छायाचित्र खरे असूनही प्रश्न झाकू शकते, याचा पुरावा नांदेडने दिला. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बालके होती. पुढच्या दिवसात आकडा ३१ वर गेला. ३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील यांनी रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांना हातात झाडू देऊन शौचालय साफ करायला लावले. अधिष्ठाता आदिवासी समाजातले असल्याने खासदारांवर ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. ते दृश्य छापणे योग्यच होते, कारण तो स्वतंत्र आणि गंभीर प्रश्न होता. पण त्यानंतर नांदेडच्या रुग्णालयाची ओळख झाडू धरलेला डॉक्टर हीच झाली. औषधे कमी होती की नव्हती, याबद्दल रुग्णालयाकडून आधी एक आणि सरकारकडून नंतर दुसरे सांगितले गेले. मंजूर खाटा किती आणि प्रत्यक्षात रुग्ण किती, नवजात कक्षात एका परिचारिकेकडे किती बाळे, औषध खरेदी कोणत्या टप्प्यावर अडली, हे प्रश्न दृश्याबाहेर गेले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन ते सरकारला विचारले, म्हणून ते पुन्हा कागदावर आले. झाडूच्या छायाचित्राशेजारी हेच चार प्रश्न छापले असते तर एक चौकट पुरली असती.

चांगले छायाचित्र स्वतःच बोलते, खाली लिहिणे म्हणजे त्याचा अपमान, असे छायाचित्रकार नेहमी म्हणतात. कलादालनात ते खरे असेल. वादाच्या विषयावर मात्र छायाचित्र स्वतः बोलत नाही; ज्याच्या हातात ओळ लिहिण्याचा अधिकार असतो तो त्याच्या तोंडून बोलतो. आपल्या मुलखात हे फार जुने आहे. नांदेड निजामाच्या राज्यात होते आणि आजचा लातूर जिल्हाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात त्या राज्यातल्या मदतकार्याची छायाचित्रे राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओने काढली. औरंगाबादेत घेतलेल्या एका छायाचित्रात कॅमेऱ्यासमोर आणलेली हाडकुळी माणसे आहेत आणि त्याच्या इंग्रजी शीर्षकाचा अर्थ होतो ‘कृशतेचे प्रकार’. नाव नाही, गाव नाही, उपाशी का राहावे लागले ते नाही. प्राणिसंग्रहालयातली पाटी असावी तशी ती ओळ आहे. छायाचित्र दीनदयाळांचे, म्हणजे उत्तमच. पण ती ओळ बदलली असती, दाण्याचा त्या महिन्याचा भाव आणि मदतकेंद्रावरची मजुरी तिथे लिहिली असती, तर तेच छायाचित्र सरकारच्या दयाबुद्धीचा दाखला न राहता सरकारविरुद्धची फिर्याद झाले असते.

मजकूर असला म्हणजे भागले असेही नाही. अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३६ मध्ये, डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात वाटाणे तोडायला आलेल्या एका आईचे छायाचित्र काढले. ते जगातल्या सर्वाधिक छापल्या गेलेल्या छायाचित्रांपैकी एक. त्याखाली वय ३२, सात मुले असे होते, नाव नव्हते. पोटासाठी या बाईंनी गाडीचे टायर विकले, असेही त्यासोबत सांगितले गेले. १९७८ मध्ये फ्लोरेन्स थॉम्पसन यांनी ती बाई मीच, असे सांगितले, तेव्हा टायर विकल्याची गोष्ट त्यांना मान्य नव्हती. त्या चेरोकी या मूळनिवासी समाजाच्या होत्या, हेही तोवर जगाला ठाऊक नव्हते. चाळीस वर्षे त्यांचा चेहरा सगळ्यांचा होता आणि त्याबद्दल त्यांना एक पैसा मिळाला नव्हता. याच लँग यांनी १९३९ मध्ये अर्थतज्ज्ञ पती पॉल टेलर यांच्याबरोबर स्थलांतरित शेतमजुरांवर पुस्तक केले, त्यात मात्र छायाचित्रांसोबत त्या माणसांचीच वाक्ये घेतली. एकाच छायाचित्रकाराच्या कामात तीन वर्षांत पडलेला हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. ओळ कुणी लिहावी याचे उत्तर त्यात आहे: छायाचित्रात जो आहे त्याला विचारून.

आपल्याकडे याचा सगळ्यात सरस नमुना पत्रकार पी. साईनाथ यांच्या ग्रामीण स्त्रियांच्या श्रमावरील प्रदर्शनात आहे. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत काढलेली ही छायाचित्रे त्यांनी भरघोस मजकुरासह मांडली. त्यातले एक पाहा. शेताचा मालक फोटोसाठी ताठ उभा आहे. मागे नऊ बायका कमरेत वाकून लावणी करत आहेत. छायाचित्र एवढेच दाखवते आणि तेही कमी नाही. मजकूर सांगतो की मालकाने दिवसाची मजुरी ४० रुपये सांगितली, बायकांनी नंतर सांगितले २५. त्या सगळ्या ओडिशातल्या रायगडाच्या भूमिहीन बायका. हे १५ रुपये कोणत्याही लेन्समधून दिसले नसते, आणि नुसते लिहिले असते तर त्या वाकलेल्या पाठी दिसल्या नसत्या. दोन्ही एकत्र आल्यावर वाचकाला मालकाचा ताठ कणा वेगळाच दिसू लागतो. दुसरे नाव छायाचित्रकार सुधारक ओलवे यांचे. मुंबईच्या सफाई कामगारांवरच्या त्यांच्या कामाची देशभर दखल घेतली गेली आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यानंतर महाराष्ट्रातल्या जातीय अत्याचारांतून मागे राहिलेल्या कुटुंबांवर त्यांनी मालिका केली, ती घटनेच्या आणि खटल्याच्या मजकुरासह. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या खर्डा इथल्या २०१४ च्या अशाच एका अत्याचाराच्या प्रकरणात सगळे आरोपी २०१७ मध्ये निर्दोष सुटले, कारण साक्षीदार उलटले. साक्षीदार उलटणे याचे छायाचित्र कसे काढणार? ते लिहावेच लागते.

नांदेड जिल्ह्याला हे नव्याने सांगायला नको. १९७८ च्या मराठवाडा विद्यापीठ नामांतराच्या काळात टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. जून २०२३ मध्ये शहरालगतच्या बोंढार हवेलीत एका तरुण भीमसैनिकाचा खून झाला. प्रत्येक वेळी छापून येते काय? गेलेल्या माणसाचा पासपोर्ट आकाराचा फोटो, मोर्चा, सांत्वनाला आलेल्या नेत्याभोवतीची गर्दी. आठवडाभरात तेही थांबते. ॲट्रॉसिटी कायदा सांगतो की आरोपपत्र दाखल झाल्यावर शक्यतो दोन महिन्यांत खटला निकाली काढावा. तीच जागा, तेच घर सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा छापून खाली खटल्याची आजची तारीख लिहिली, तर ‘शक्यतो’चा अर्थ जिल्ह्याला कळेल.

शेतकरी आत्महत्येचेही तसेच. विधवेच्या हातात चौकटीतला फोटो, हे चित्र इतके झाले आहे की डोळे त्यावरून घसरतात. त्या घराचे पुढे काय झाले हे ‘पात्र’ की ‘अपात्र’ या जिल्हा समितीच्या शब्दावर ठरते. पात्र ठरल्यास एक लाखाची मदत, त्यातले ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत, ही २००६ पासूनची पद्धत. कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे लागते. बिनपरवाना सावकाराचे कर्ज त्यात बसत नाही, आणि गळ्याशी आलेले कर्ज पुष्कळदा नेमके तेच असते. विधवेच्या छायाचित्राखाली ‘पतीच्या निधनानंतर आधार हरपला’ असे लिहिण्याऐवजी ‘समितीने प्रकरण अपात्र ठरवले, कारण कर्ज बिनपरवाना सावकाराचे होते’ असे लिहिले, तर सहानुभूतीची जागा चर्चा घेईल.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा की छायाचित्राला मजकूर जोडणे हेच तर आजचे दुखणे आहे. व्हॉट्सॲपवर दिवसभर दुसरे काय चालते? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. त्या काळात फिरणाऱ्या संदेशांपैकी एकात ओळीने ठेवलेल्या मृत बालकांचे छायाचित्र होते आणि खाली अवयव काढून घेतल्याचा मजकूर. छायाचित्र खरे होते, पण ते २०१३ मध्ये सिरियात रासायनिक हल्ल्यात मेलेल्या मुलांचे होते. आक्षेप खरा आहे. मी तो उलट्या बाजूने वाचतो. त्या संदेशात गाव नव्हते, तारीख नव्हती, काढणाऱ्याचे नाव नव्हते. अपुरी फोटोओळ वाचून विश्वास ठेवायची सवय लोकांना लागली कुठे? ‘पाण्यासाठी वणवण’ आणि ‘संग्रहित छायाचित्र’ यांनी काही वाटा उचललाच आहे. वर्तमानपत्रातल्या प्रत्येक छायाचित्राखाली कुणी, कुठे, कधी हे सक्तीने येत राहिले, तर निनावी छायाचित्र दिसताच वाचकाला खटकेल. एवढ्याने अफवा थांबणार नाहीत, हे मान्य. अफवा ओळखायला मोजमाप तरी मिळेल.

दुसरा आक्षेप माणुसकीचा आहे. गरिबाचे नाव-गाव छापून त्याची इज्जत कशाला काढायची, आणि अत्याचाराच्या प्रकरणात तर त्याच गावात त्याला राहायचे असते, जबर माणसाच्या शेजारी. याला माझ्याकडे एकच सरसकट उत्तर नाही. लैंगिक अत्याचारात ओळख उघड करायला कायद्याचीच बंदी आहे, बालकांच्या बाबतीत पॉक्सोने आणि एरवी भारतीय न्याय संहितेने. ती पाळलीच पाहिजे. आत्महत्येची छायाचित्रे छापू नयेत, असे प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. पण या मर्यादांमुळे मजकुराचे महत्त्व वाढते. चेहरा दाखवता येत नसेल तेव्हा शेत, दार, रिकामी खुर्ची, कचेरीतला अर्ज दाखवायचा आणि बाकीचे लिहायचे. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या २०१९ च्या सर्वेक्षणात ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. यात छायाचित्र घेण्यासारखे काय आहे? जखम पोटात आहे. कोयता, पाल, डोईवरची मोळी यांचे छायाचित्र आणि त्यासोबत उचल, सुट्टी घेतल्यावर कापला जाणारा खाडा आणि खासगी दवाखान्याचे बिल यांचा हिशेब: एकाही बाईचा चेहरा न दाखवता हे सांगता येते. नाव छापायचे तेव्हा मात्र तिला आधी मजकूर वाचून दाखवावा आणि तिने नको म्हटले तर काढावा. छायाचित्रकाराला यात वेळ जातो, हे कारण चालू नये.

अडचण खरी आहे ती कार्यालयातली. मुखेड, कंधार, जळकोट, औसा इथला तालुका प्रतिनिधी बहुधा तुटपुंज्या मानधनावर असतो आणि जाहिरातींच्या कमिशनवर घर चालवतो. तो फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो, ओळ डेस्कवर लिहिली जाते, आणि डेस्कवरच्या माणसाने ते गाव पाहिलेले नसते. त्यातून ‘वणवण’ जन्माला येते. याला उपाय खर्चाचा आहे, पण फार मोठ्या खर्चाचा नाही. छायाचित्र पाठवणाऱ्यानेच कोण, काय, कुठे, कधी, का आणि कसे या सहा गोष्टी लिहून पाठवाव्यात आणि त्याबद्दल त्याला वेगळे पैसे द्यावेत. वाचायला लोक तयार आहेत की नाहीत, ही शंका तर काढूच नये. लातूरच्या शिकवण्यांच्या रस्त्यावर गुणवंतांचे चेहरे आणि त्यांखालचे नीटचे गुण वाचत अख्खे शहर चालते. नांदेडच्या प्रत्येक चौकात वाढदिवसाचे डिजिटल बॅनर असते आणि त्यावरच्या शंभर शुभेच्छुकांत आपले नाव कुठल्या ओळीत आहे हे लोक बारकाईने शोधतात. छायाचित्राखालचा मजकूर काळजीपूर्वक वाचणारा समाज आपल्यापुढे तयार आहे. त्याला आजवर टॉपर आणि दादा-भाऊ सोडून दुसरे काही कुणी वाचायला दिलेले नाही.

म्हणून नांदेड आणि लातूरच्या आवृत्त्यांनी आठवड्यातून अर्धे पान एका प्रश्नाला द्यावे. दोन-तीन छायाचित्रे, शेजारी पाचशे शब्द, त्यात छायाचित्रातल्या माणसाचे स्वतःचे म्हणणे आणि ज्याच्यावर बोट ठेवले त्याचेही. तेच पान फ्लेक्सवर छापून तालुक्याच्या बसस्थानकात आणि ग्रामसभेच्या दिवशी पंचायतीसमोर लावावे. वाद होतील, एखादा फलक फाडला जाईल, एखादा पुढारी जाहिरात बंद करील. आणि वाचकांनी एक करावे. येत्या उन्हाळ्यात टँकरभोवतीच्या घागरींचे पहिले छायाचित्र येईल, त्याखाली गाव, तारीख आणि पाणी कुठून आले हे नसेल, तर फोन करून विचारावे. तालुका प्रतिनिधीला नको, थेट संपादकाला.